फर्मानाने आलेली राज्यघटना

नोव्हेंबर १९४९ च्या शेवटच्या आठवड्यात दिल्लीतल्या घटना समितीने आपलं काम हातावेगळं केलं. जवळजवळ तीन वर्षं सभासदांनी एकेका कलमावर, कधी एकेका शब्दावर वाद घातला होता. त्या सभागृहात नांदेडचं, लातूरचं, बीडचं किंवा खुद्द हैदराबाद शहराचं कोणीही नव्हतं. हैदराबाद संस्थानाच्या वाट्याच्या जागा होत्या, पण त्या शेवटपर्यंत रिकाम्या राहिल्या. मग दीड कोटीहून जास्त लोकांच्या या मुलखाला राज्यघटना लागू झाली ती कशी? सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी फर्मान काढून ती मान्य केली, आणि झाली.

जरा थांबून बघा. लोकांच्या नावाने सुरू होणारा दस्तऐवज, आणि तो लोकांपर्यंत आला राजाच्या सहीने. ज्याची सत्ता त्या कागदाने कायमची संपवायची होती, त्याच्याच हुकमाने. या संस्थानात असलेल्या मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला मुक्तीचा सतरा सप्टेंबर पाठ असतो, झेंडावंदन आठवतं, निजामाच्या बाजूने उतरलेल्या सशस्त्र रझाकारांच्या गोष्टी घरात ऐकलेल्या असतात. या फर्मानाबद्दल मात्र शाळेत कोणी बोलत नाही. मला तर या सगळ्या इतिहासातली ही सगळ्यात अजब गोष्ट वाटते.

लोकशाही आणि कायद्याचं राज्य बाहेरून नेऊन एखाद्या देशात बसवता येतं का, हा प्रश्न इराक आणि अफगाणिस्ताननंतर जगभर चघळला गेला. वॉशिंग्टनपासून लंडनपर्यंत त्यावर ग्रंथ निघाले. आपल्याकडे मात्र हा प्रयोग घरातच होऊन गेलाय, आणि त्याकडे आपण त्या नजरेने कधी पाहिलंच नाही.

कोणी म्हणेल, हैदराबाद म्हणजे काय परदेश होता का? भाषेने, नात्यागोत्याने, देवाधर्माने नव्हता. पण बार्शी लाइटच्या छोट्या गाडीत बसून ब्रिटिश मुलखातल्या बार्शीहून लातूरला निघालेल्या व्यापाऱ्याला विचारलं असतं तर त्याने वेगळं सांगितलं असतं. वाटेत हद्द लागायची, करोडगिरीवाले माल तपासायचे, जकात घ्यायचे. पलीकडे चलन वेगळं, हाली सिक्का. टपालाचं तिकीट वेगळं. कोर्टाची भाषा उर्दू, आणि कागदावरची तारीख फसली सनाची. १५ ऑगस्ट १९४७ नंतर तर निजाम सरकार स्वतःला स्वतंत्रच समजत होतं. ऑगस्ट १९४८ मध्ये त्याने भारताविरुद्धची तक्रार थेट संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे नेली. म्हणजे कागदोपत्री भांडण दोन देशांमधलं होतं.

या मुलखात कायदा नव्हताच, असं समजण्याचं कारण नाही. उलट एका बाबतीत निजामाचं राज्य इंग्रजांच्या पुढे होतं. १९२१ मध्ये तिथे न्यायखातं आणि अंमलबजावणीचं खातं एकमेकांपासून वेगळं करण्यात आलं. कलेक्टरनेच धरायचं आणि कलेक्टरनेच न्याय करायचा, ही ब्रिटिश हिंदुस्थानातली दुखरी रीत निजामाच्या दिवाणी मुलखात त्या वर्षी मोडली. काँग्रेस तिकडे इंग्रजांकडे नेमकी हीच मागणी कित्येक वर्षं करत होती. हैदराबादेत हायकोर्ट होतं, वकिलांची सनद होती, मुन्सफ होते, दंडसंहिता होती.

पण हा दिवाणी मुलूख म्हणजे राज्याचा साधारण साठ टक्के भाग. बाकीचा जहागीरदारांचा, पायगा या बड्या सरदारांचा आणि सर्फ-ए-खास म्हणजे निजामाच्या खासगी मालकीचा. तिथे कायदा कोणाचा, हे तुम्ही कोणाच्या जमिनीवर उभे आहात त्यावर ठरायचं. आणि दिवाणी मुलखातही दुखणं वेगळंच होतं. कायदा वरून खाली यायचा, खालून वर काही जायला वाट नव्हती. गश्ती निशाण ५३ हे नाव जुन्या मराठवाड्यात लहान मुलांनाही माहीत असायचं. १९२९ चं हे परिपत्रक सांगायचं की सभा घ्यायची तर आधी परवानगी काढा. भाषण राजकीय नाही, हे सिद्ध करायचं ओझं भाषण करणाऱ्यावर. चार माणसं जमवून वाचनालयाचा वार्षिक समारंभ करायचा तरी अर्ज. पुढे १९३९ मध्ये राजकीय सुधारणा जाहीर झाल्या, त्याही मासलेवाईक. मत माणसाला नव्हे, धंद्याला. जहागीरदारांचे प्रतिनिधी वेगळे, वकिलांचे वेगळे, व्यापाऱ्यांचे वेगळे. तुम्ही या राज्याचे रहिवासी आहात, एवढं मताच्या हक्काला पुरेसं नव्हतं.

आता गंमत बघा. परिपत्रकाने सभा बंद केल्या म्हणून लोकांनी संस्था काढल्या. राजकारण करता येत नव्हतं, म्हणून गणेशोत्सवाचे मेळे, वाचनालयं, राष्ट्रीय शाळा. हिप्परग्याच्या शाळेतले मुख्याध्यापक व्यंकटेश खेडगीकर संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाले, पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरीत मुख्याध्यापक होते, आणि शाळेतून थेट लढ्यात आले. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषद भरली. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस निघाली आणि जन्मतःच तिच्यावर बंदी आली. या सगळ्या संस्थांमध्ये एक गोष्ट रोजच्या सरावाने होत होती. अध्यक्ष निवडायचा, ठराव मांडायचा, त्याला अनुमोदन घ्यायचं, विरोधातलं मत इतिवृत्तात नोंदवायचं, वर्गणीचा हिशेब सभेपुढे ठेवायचा. राज्यात लोकशाही नव्हती, पण तिची तालीम चालू होती. बाहेरून काय आलं आणि घरात काय होतं, हे तोलताना हे पारडं लोक नेहमी विसरतात.

लढ्याच्या शेवटच्या वर्षात ही तालीम किती खोल गेली होती याचा एक नमुना नांदेड जिल्ह्यात उमरीला सापडतो. ३० जानेवारी १९४८ ला सीमेवरच्या कॅम्पांमधल्या स्वातंत्र्यसैनिकांनी तिथली बँक लुटली. दिल्लीत गांधीजींचा खून झाला, तोच दिवस. नांदेडकडची जुनी माणसं ही गोष्ट सांगताना लुटीच्या थरारावर फार वेळ घालवत नाहीत, ती हिशेबावर येतात. पैसा कुठे खर्च झाला, किती उरला, तो कोणाकडे दिला. लूट करून वर तिचा ताळेबंद ठेवणारे लोक!

या लढ्याची सूत्रं ज्या कृती समितीकडे होती तिचे अध्यक्ष दिगंबरराव बिंदू. हे नाव लक्षात ठेवा, ते परत येणार आहे.

१३ सप्टेंबर १९४८ ला पहाटे भारतीय फौजा हद्द ओलांडून आत शिरल्या. मुख्य तुकड्या मेजर जनरल जयंतोनाथ चौधुरी यांच्या हाताखाली सोलापूरकडून निघाल्या आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतला. १७ तारखेला निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली, १८ ला त्याचे सेनापती अल इद्रूस शरण आले. या मोहिमेला सरकारने नाव दिलं पोलिस कारवाई. रणगाडे घेऊन जाणारे पोलिस जगात दुसरीकडे कुठे झाले असतील असं वाटत नाही, पण नावामागे विचार होता. हे आमचं घरचं प्रकरण आहे, युद्ध नाही, असं जगाला सांगायचं होतं.

आणि लगेच पहिलं फर्मान निघालं. निजामाने आपले अधिकार लष्करी गव्हर्नर म्हणून चौधुरींना दिले. म्हणजे पुढे जनरल साहेबांनी जे जे नियम केले ते कायद्याच्या भाषेत निजामाच्याच अधिकारातून केले. सत्ता उलथली, पण कायद्याचा धागा एक दिवसही तुटू दिला नाही. २००३ मध्ये बगदाद घेतल्यावर अमेरिकेने इराकचं लष्कर बरखास्त केलं, सत्ताधारी पक्षातल्या हजारो लोकांना नोकऱ्यांवरून काढलं, आणि मग राज्य चालवायला माणसंच उरली नाहीत. इकडे हैदराबादेत निजाम हुद्द्यावर राहिला, पुढे तर २६ जानेवारी १९५० पासून राजप्रमुखही झाला. मोठ्या जागांवर मुंबई, मद्रास, मध्य प्रांतातून अधिकारी आणले गेले, अनेक मुसलमान अधिकाऱ्यांना जागा सोडाव्या लागल्या. पण तहसिलीतला दप्तरखाना जागच्या जागी राहिला. १५ ऑगस्ट १९४९ ला जहागिरी रद्द झाल्या, त्याही रीतसर विनियम काढून, फसली सन १३५८ चा आकडा घालून.

इथवर गोष्ट सुबक दिसते. पण सप्टेंबर आणि ऑक्टोबर १९४८ मध्ये नांदेड, धाराशिव, बिदर, गुलबर्गा या पट्ट्यात जे घडलं ते सुबक नाही. रझाकारांनी जे अत्याचार केले होते त्यांचा सूड ज्यांनी काही केलं नव्हतं अशा मुसलमानांवर निघाला. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाहणीसाठी पाठवलं. १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात हे तिघे गावोगाव फिरले. त्यांच्या अंदाजाने संस्थानभर २७ ते ४० हजार माणसं मेली, आणि सगळ्यात जास्त झळ बसलेले जिल्हे म्हणजे हेच चार. लातूर तेव्हा उस्मानाबाद म्हणजे धाराशिव जिल्ह्यात होतं. श्रीमंत कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांची भरभराटीची पेठ. तिथली कत्तल वीसहून जास्त दिवस चालली, असं अहवालात नोंदलंय. वीस दिवस! फौज येऊन गेल्यानंतरचे. हा अहवाल सरकारने दाबून ठेवला. दिल्लीतल्या नेहरू स्मारक ग्रंथालयात अभ्यासकांना तो पाहायला मिळू लागला तोवर २०१३ साल उजाडलं होतं.

म्हणजे सत्ता चार-पाच दिवसांत आली आणि कायदा मात्र त्या वेगाने आला नाही. मधल्या फटीत माणसं मेली. बाहेरून लोकशाही नेण्याच्या प्रत्येक प्रयोगात ही फट असते, आणि ती नेणारे तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोलतात. आपणही बोललो नाही.

आता याच लातुरातला एक वकील. कासीम रझवी. अलीगढला शिकलेला, लातुरात वकिली करणारा, इत्तेहादुल मुस्लिमीन या संघटनेचा अध्यक्ष आणि रझाकारांचा सर्वेसर्वा. लाल किल्ल्यावर निजामाचं निशाण फडकवण्याच्या वल्गना करणारा हा माणूस. पोलिस कारवाईनंतर तो पकडला गेला. त्याचं काय करायचं? जगात अशा वेळी काय होतं ते आपण जाणतो. भिंतीशी उभं करतात, नाहीतर चौकात लटकावतात, आणि लोक टाळ्या वाजवतात.

रझवीवर खटला चालला. बीबीनगर या गावावर जानेवारी १९४८ मध्ये रझाकारांनी घातलेल्या दरोड्याचा. लष्करी गव्हर्नरच्या विनियमाखाली नेमलेल्या खास न्यायाधिकरणापुढे तो उभा राहिला, आणि त्याला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. इथे गोष्ट संपायला हवी होती. पण रझवी वकील होता. खटला चालू असतानाच २६ जानेवारी १९५० उजाडला होता आणि राज्यघटना लागू झाली होती. त्याने सर्वोच्च न्यायालयात जाऊन विचारलं, की तुमच्या घटनेचं कलम १४ सांगतं कायद्यापुढे सगळे समान, मग इतर आरोपींना मिळते ती नेहमीची पद्धत मला का नाही? माझ्यासाठी वेगळं न्यायाधिकरण आणि आखूड कार्यपद्धती का?

हा युक्तिवाद मला थक्क करतो. ज्या संघराज्यात हैदराबादने जाऊ नये म्हणून या माणसाने रान पेटवलं, त्याच संघराज्याच्या घटनेचा आधार तो मागत होता. त्याच्याकडे दुसरा आधारच उरला नव्हता.

कायद्याचा पेच खरोखर अवघड होता. विनियम झाला तेव्हा घटना नव्हती, त्यामुळे तेव्हा तो बेकायदा म्हणता येत नव्हता. खटला सुरू झाला तेव्हाही नव्हती. पण अर्ध्या वाटेवर घटना आली. मग उरलेला अर्धा खटला त्याच जुन्या पद्धतीने चालवला तर आरोपीचा समानतेचा हक्क मोडतो की नाही? पाच न्यायमूर्ती बसले. जानेवारी १९५३ मध्ये निकाल लागला, तीन विरुद्ध दोन. सरन्यायाधीश पतंजली शास्त्री, न्या. मुखर्जी आणि न्या. सुधीरंजन दास म्हणाले, घटना आल्यानंतर प्रत्यक्षात जी पद्धत वापरली गेली ती पाहता रझवीला नेहमीच्या खटल्याइतकाच न्याय मिळाला आहे, शिक्षा कायम. न्या. गुलाम हसन आणि न्या. विवियन बोस यांना हे पटलं नाही. बोस नागपूर हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायमूर्ती. हैदराबादच्या मुक्तीनंतर पाच वर्षांच्या आत, मराठवाड्यात ज्याचं नाव काढलं तरी लोक थुंकत होते त्या माणसाच्या बाजूने देशाच्या सर्वोच्च न्यायालयातल्या दोघांनी मत दिलं, ते छापलं गेलं, आणि आजही कायद्याचे विद्यार्थी ते वाचतात.

रझवी हरला. शिक्षा भोगून १९५७ मध्ये सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला. मराठवाड्यातल्या पुष्कळांना ही शिक्षा फार कमी वाटली, अजूनही वाटते. मला विचाराल तर निकालापेक्षा ती दोन विरुद्ध मतं जास्त मोलाची. कायदा आला की नाही हे कळायची सगळ्यात खरी जागा म्हणजे नावडता आरोपी. मात्र याच तराजूत लातूरचे ते वीस दिवसही घालायला हवेत. नामचीन शत्रूला पाच न्यायमूर्ती मिळाले, आणि त्या पेठेतल्या निनावी माणसांच्या वाट्याला कुलपात ठेवलेला अहवाल आला.

रझवीच्या अपिलाचा निकाल लागण्याआधीच पहिली निवडणूक होऊन गेली होती. १९५२ ची सुरुवात. ती कशी झाली हे जवळून बघण्यासारखं आहे. मतपत्रिकेवर उमेदवाराचं नाव नव्हतं, चिन्हही नव्हतं, शिक्का मारायचा नव्हता. आडोशाच्या खोलीत एका ओळीत पेट्या मांडलेल्या, प्रत्येक उमेदवाराची एक, पेटीवर त्याचं चिन्ह डकवलेलं. मतदाराने बोटाला शाई लावून आत जायचं, एकटंच, आणि कागद हव्या त्या पेटीत टाकून बाहेर यायचं. काँग्रेसची बैलजोडी ज्याला ओळखू येते त्याला वाचता येण्याची गरज नव्हती. निरक्षर देशाला मतदान शिकवण्याची ही युक्ती इतकी साधी की तिच्यामागचा विचार चटकन लक्षात येत नाही. आणि त्या पेट्या? मुंबईच्या गोदरेजने लाखोंनी केल्या हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. पण पेट्या बनवणाऱ्या मोजक्या कारखान्यांत हैदराबादचा ऑल्विनही होता, निजामाच्या अमदानीत, सरकारी मदतीने १९४२ मध्ये उभा राहिलेला.

निकाल लागला तेव्हा १७५ पैकी ९३ जागा काँग्रेसला. पण खरी नवलाई विरोधी बाकांवर होती. तेलंगणात कम्युनिस्टांनी ऑक्टोबर १९५१ पर्यंत सशस्त्र लढा चालवला होता, आधी निजामाविरुद्ध आणि मग भारत सरकारविरुद्ध. पक्षावर बंदी होती, म्हणून त्यांनी लोकशाही आघाडी या नावाने निवडणूक लढवली आणि ४२ जागा जिंकल्या. नलगोंड्याहून लोकसभेला उभे राहिलेल्या रावी नारायण रेड्डींनी तर नेहरूंपेक्षाही जास्त मतं घेतली. कालपर्यंत रानात बंदूक घेऊन असलेली माणसं सभागृहात स्थगन प्रस्ताव मांडू लागली. मराठवाड्यातून शेतकरी कामगार पक्षाचे म्हणजे शेकापचे लोक निवडून आले. ६ मार्च १९५२ ला बुर्गुल रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले तेव्हा राज्याच्या शिरावर राजप्रमुख म्हणून होते मीर उस्मान अली खान. लोकांनी निवडलेलं पहिलं मंत्रिमंडळ, आणि कारभार राजाच्या नावाने.

मंत्रिमंडळात गृहखातं कोणाकडे? दिगंबरराव बिंदूंकडे. ज्या समितीच्या लोकांच्या मागावर चार वर्षांपूर्वी पोलिस होते, तिचा अध्यक्ष आता त्या पोलिसांचा मंत्री. आणि सहा महिन्यांतच सत्तेने आपला रंग दाखवला. सप्टेंबर १९५२ मध्ये बाहेरून आलेल्या नोकरदारांविरुद्ध हैदराबादेत मुल्की आंदोलन पेटलं, सिटी कॉलेजजवळ पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. गश्ती ५३ सोसलेल्या माणसाच्या खात्याने केलेला गोळीबार. फरक एवढाच की या वेळी चौकशीला हायकोर्टाचे न्यायमूर्ती पिंगळी जगनमोहन रेड्डी बसले आणि पोलिसांना साक्षीला यावं लागलं. हा फरक लहान वाटत असेल तर १९४८ चा दडवलेला अहवाल आठवावा.

१९५२ च्या त्या निवडणुकीचे सूत्रधार सुकुमार सेन, देशाचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त. १९५३ मध्ये सुदानला पहिली निवडणूक घ्यायची होती, तेव्हा तिथल्या निवडणूक आयोगाचं अध्यक्षपद त्यांना देण्यात आलं. म्हणजे लोकशाही निर्यात होते का, याचं एक अगदी शब्दशः उत्तर असं, की हो, सेनसाहेब ती घेऊन खार्टूमला गेले. वाळवंटातल्या भटक्या टोळ्यांपर्यंत मतदान पोचवलं आणि निवडणूक व्यवस्थित पार पडली. जानेवारी १९५६ मध्ये सुदान स्वतंत्र झाला, आणि नोव्हेंबर १९५८ मध्ये जनरल अब्बूद यांनी बंड करून सत्ता घेतली. निवडणूक घेणारा माणूस तोच, मतदारही इकडच्यासारखेच बहुतेक निरक्षर. एका ठिकाणी लोकशाही टिकली, दुसऱ्या ठिकाणी तिला स्वातंत्र्यानंतर तीन वर्षंही पुरी झाली नाहीत.

जपानचं उदाहरण याच्या उलट टोकाचं. १९४६ च्या फेब्रुवारीत अमेरिकन लष्करी मुख्यालयातल्या काही मंडळींनी जेमतेम आठवडाभरात जपानच्या घटनेचा मसुदा केला. स्त्रियांच्या हक्कांचं कलम लिहिणारी बिएट सिरोटा तेव्हा बावीस वर्षांची होती. ३ मे १९४७ ला लागू झालेल्या त्या घटनेत अजून एकदाही दुरुस्ती झालेली नाही. मात्र जपानात १८९० पासून संसद होती, पक्ष होते, निवडणुका होत होत्या. सुदानच्या राजकीय पक्षांना स्वातंत्र्याआधी पुरती पंधरा वर्षंही मिळाली नव्हती. मराठवाड्याच्या बाबतीत माझा कौल या दोहोंच्या मधे पडतो. बाहेरून आली ती सत्ता बदलण्याची ताकद आणि तयार नियमावली. ती वापरायची सवय परतूरच्या परिषदेपासूनची, घरची. आणि १९२१ चं ते वेगळं न्यायखातंही घरचंच, निजामाने केलेलं, हे मान्य करायला आपल्याला उगाच जड जातं.

पण घरची सवय सगळ्या घरांत सारखी नव्हती. २७ जुलै १९७८ ला महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला की मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यावं. लोकांनी निवडलेलं सभागृह, रीतसर ठराव. आणि मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यातल्या गावांनी दलित वस्त्या जाळल्या. तेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना मारून जाळण्यात आलं. त्या ठरावाला मुंबईहून औरंगाबादला पोचायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. साडेपंधरा वर्षं. आणि तोही नामांतर न राहता नामविस्तार होऊन पोचला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं वेगळं विद्यापीठ निघालं. फौजेने पाच दिवसांत कापलेलं अंतर गावकुसाबाहेरच्या वस्तीपर्यंत जाताना असं लांबतं. निजामाच्या हद्दीवर करोडगिरीचे नाके तरी दिसायचे. हे नाके दिसत नव्हते, एवढंच.

अंतराची गोष्ट निघालीच आहे म्हणून एक साधी अडचण. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि हैदराबादचं हायकोर्ट सुटलं. देगलूरच्या शेतकऱ्याला अपिलासाठी मुंबई गाठावी लागू लागली. औरंगाबादला खंडपीठ यायला १९८१ चा ऑगस्ट उजाडला. पंचवीस वर्षं कायद्याचं राज्य रेल्वेच्या वेळापत्रकावर अवलंबून होतं.

तरी रुजलं. मराठवाड्याने महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिले आणि चौघेही दोनच जिल्ह्यांचे. नांदेडचे शंकरराव आणि अशोक चव्हाण, लातूरचे शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि विलासराव देशमुख. हे आपण कौतुकाने सांगतो. मला त्याहून मोठं वाटतं ते हे, की १९९५ मध्ये लातूरने याच विलासरावांना घरच्या मतदारसंघात पाडलं. २००४ मध्ये लोकसभेचे माजी सभापती शिवराज पाटील चाकूरकर यांना पाडलं. त्याच वर्षी ते देशाचे गृहमंत्री झाले, राज्यसभेतून, हा भाग वेगळा! २०१९ मध्ये नांदेडने अशोक चव्हाणांना पाडलं. कंधारने शेकापच्या केशवराव धोंडग्यांना पुन्हा पुन्हा विरोधी बाकावर बसवून काँग्रेसवाल्यांचा घाम काढला. ज्या मुलखात १९४८ पर्यंत राजा बदलायची एकच रीत होती, त्याच्या मरणाची वाट पाहणं, तिथे मोठ्यांना घरी बसवण्यात लोक चांगलेच पटाईत झाले.

आणि निजामाचा कागद? तो अजून चालतो. कुळाचा दावा असेल तर हैदराबाद कुळवहिवाट कायदा १९५० लागतो. देवस्थानच्या किंवा दर्ग्याच्या इनामाचा वाद निघाला की मुंतखब म्हणजे इनामाचा दाखला शोधावा लागतो, खिदमतमाश म्हणजे सेवेपोटी दिलेली जमीन हा शब्द निघतो. खासरा पाहणीची नक्कल मिळाली की अर्धा दावा जिंकल्यासारखं असतं. मराठा आरक्षणाच्या आंदोलनात २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती बसली, आणि निजामकाळची दप्तरं उघडली. २ सप्टेंबर २०२५ ला सरकारने हैदराबाद गॅझेटियर आधार म्हणून मानणारा जीआर काढला. तो काढायला मुंबईच्या आझाद मैदानावरचं उपोषण लागलं, आणि निघाल्याबरोबर ओबीसी संघटना त्याच्याविरुद्ध हायकोर्टात गेल्या. आता राजाने मोजलेल्या शिरगणतीतून मतदारांच्या राज्यातला हक्क सिद्ध होतो का, यावर दोन्हीकडचे वकील भांडताहेत, आणि मोडी-उर्दू वाचता येणाऱ्या म्हाताऱ्यांना तहसिलीतून बोलावणी येताहेत.